पार्ट ‘बसतो’ म्हणजे काय?



संयोजकांचा आग्रह होता की मी कॉम्प्युटरवर बोलावं. पण ज्यावर पोट चालतं त्यावर सुटीतही बोलायचं म्हणजे शिक्षाच. म्हणून मी विषय बदलून मागितला: जुन्या स्पोर्ट्स कारला चालतील असे सस्पेन्शनचे पार्ट कसे शोधायचे. पहिल्या रांगेतून हसू आलं ते मला ऐकू आलं. शेवटपर्यंत थांबा, यात आपल्या नववीच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे.

गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. दोनच सीट, कापडी टप, वजन साधारण एक टन. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि २०१६ मध्ये कारखान्यातून दहा लाखावी गाडी बाहेर पडली. माझी १९९५ ची आहे, चार मालक बघून आलेली, म्हणजे मी पाचवी. आम्ही राहतो मिशिगनमध्ये. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीच्या पोटाखाली काय चालतं ते लोणच्याच्या बरणीवरच्या पत्र्याच्या झाकणाला विचारा.

मागच्या वर्षी मुलीला लायसन्स मिळालं आणि तिला हीच गाडी हवी होती. मी चालवून बघितली तेव्हा कोरड्या रस्त्यावर ठीक होती. ओल्या वळणावर मात्र मध्ये एखादा खड्डा आला की मागचं बूड एकदम बाजूला सरकायचं, काही सूचना न देता. अशी गाडी नवशिक्या पोरीच्या हातात देणं शक्यच नव्हतं. जवळच्या वर्कशॉपवाल्याने खाली डोकावून सांगितलं, सगळं किट नवीन टाका. त्याचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. नाहीतर भंगारात घाला, हा त्याचा दुसरा सल्ला.

मग मी आपल्याच वर्गातल्या एका मित्राला व्हिडिओ कॉल लावला. तो कुठे बसलाय ते मी सांगणार नाही, पण त्याचं वर्कशॉप कोल्हापूरला उद्यमनगरात आहे एवढं सांगते. मी त्याला जाहिरातीतली ओळ वाचून दाखवली: ‘१९९० ते २००५ सर्व मॉडेलना बसेल’. तो म्हणाला, ‘‘अगं, बॉक्सवरचं सोड, माप घे की! बसतंय तर भोकात काहीपण. चालतंय का ते बघायचं.’’

माझ्या धंद्यात आम्ही हेच जरा भारी शब्दांत सांगतो. दोन प्रोग्रॅम जोडले गेले म्हणजे ते एकमेकांशी नीट बोलतील असं नाही.

माप घेतल्यावर रोग सापडला. आधीच्या कुणीतरी हौसेने गाडी खाली बसवायला आखूड स्प्रिंग घातले होते. शॉकअप मूळचेच, जुने. बोल्ट सगळे व्यवस्थित बसलेले. पण गाडी खाली आल्यामुळे चाकाला वर जायला जागाच उरली नव्हती. वळणावर वजन एका बाजूला गेलं की शॉकअपचा दांडा आतल्या रबरी ठोकळ्यावर, म्हणजे बंपस्टॉपवर टेकायचा. तो टेकला की स्प्रिंग जणू दगड होतो, चाकावरचा भार एकदम बदलतो आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते.

आता स्प्रिंगचं गणित. आपल्या बाईंनी स्प्रिंगला वजनं टांगून हूकचा नियम शिकवला होता, ते आठवतंय? तेव्हा विचारलं नव्हतं की स्प्रिंगचा कडकपणा ठरतो कशावर. तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, आणि वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने व वेढ्यांच्या संख्येने कमी होतो. समजा तार ११ मिलिमीटर, वेटोळ्याचा सरासरी व्यास १०० मिलिमीटर आणि काम करणारे वेढे पाच. कडकपणा येतो मिलिमीटरला साधारण २९ न्यूटन. तीच तार १२ मिलिमीटरची केली की ४१. एका मिलिमीटरने ४० टक्क्यांहून जास्त! नुसत्या डोळ्यांना दोन्ही स्प्रिंग सारखेच दिसतात. म्हणून जुन्या बाजारात जाताना पर्समध्ये व्हर्नियर हवी. तारेवरचा रंग आणि गंज खरवडून मगच मोजायचं.

स्प्रिंग कडक केला की शॉकअपही त्याच्या जोडीचा लागतो, नाहीतर गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते. लांबीही बघायची: चाक हवेत लोंबकळत असताना स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल पडता कामा नये.

पिढ्यांचंही बघावं लागतं. मियाटाची पहिली पिढी १९९७ पर्यंतची, दुसरी २००५ पर्यंतची. दोघींना चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे बेचकीच्या आकाराचे वर एक आणि खाली एक असे आर्म. दुसऱ्या पिढीचे शॉकअप आणि स्प्रिंग पहिलीला चालतात, पण वरच्या माउंटसकट पूर्ण संच घ्यायचा. उलट त्या माउंटमुळे दांड्याला वर जायला जास्त जागा मिळते, आणि मला तर तेच हवं होतं. तिसरी पिढी नावाने मियाटाच, पण तिचा सांगाडा आरएक्स-८ या गाडीच्या घराण्यातला. तिचं काही मागू नये. आणि माझदाच्या पार्ट नंबरात मधला आकडा ३४ असेल तर पुढचं सस्पेन्शन, २८ असेल तर मागचं. शेवटचं अक्षर सुधारणा दाखवतं. हे कळल्यावर मला एकदम ऑफिसात बसल्यासारखं वाटलं.

शेवटी भंगार अड्ड्यात २००० सालची एक ठोकलेली गाडी सापडली. तिचे स्प्रिंग आणि वरचे माउंट घेतले. शॉकअप मात्र नवीनच घेतले. वापरलेला शॉकअप स्वस्त मिळाला तरी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण आतलं तेल आणि सील यांची अवस्था बाहेरून कळत नाही.

खरा घाम काढला तो खालच्या आर्मच्या बोल्टांनी. त्यांनीच चाकांचं अलाइनमेंट जुळवतात, आणि ते आतल्या नळीत गंजून एकजीव झाले होते. तीन दिवस तेल सोडलं, गरम केलं, शेवटी दोन कापावे लागले. आर्मचे बुशही नवे घातले. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी करून तिचं वजन पडल्यावरच आवळायचे, नाहीतर रबर कायम पीळ घेऊन बसतं आणि लवकर फाटतं. हे मला मित्राने दोनदा बजावलं. रात्री अकराला जागा राहून, पलीकडून ‘‘आता वजन टाक, मग आवळ’’ असं ओरडत होता.

पहिल्या पावसात मी एकटीने त्याच वळणावरून गाडी नेली. बूड जागेवर राहिलं. दुसऱ्या दिवशी मुलगी स्टिअरिंगवर आणि मी शेजारी. ती म्हणाली, ‘‘आई, तू दाराची कडी का धरून बसलीयेस?’’

सगळी मापं मी एका वहीत लिहून आणली आहेत. ज्यांना बघायची असतील त्यांनी जेवणाच्या सुटीत मला गाठा. वर्कशॉपवाला मित्रही तिथेच सापडेल, बहुतेक जिलेबीजवळ.