कडेवरचं पोर
(गावबैठकीत आम्ही बायांनी मांडलेलं बोलणं)



दर बैठकीत आपण दाव्यांचं बोलतो. आज आम्ही पोरांचं बोलणार. गोष्ट जमिनीवरच येईल, धीर धरा.

आपल्यात हुंडा नाही, उलट नवऱ्याकडचे देज देतात. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. म्हणून आपण म्हणतो, भेदभाव शहरवाल्यांत, आपल्यात नाही. मग सकाळी डहाणू-तलासरीच्या कुठल्याही पाड्यावर बघा. सात वर्षांची पोरगी, कडेवर धाकटा भाऊ, वर पाण्याला जायचं. तिच्याएवढा पोरगा गलोल घेऊन रानात. त्याला कोण हाक मारत नाही, "पोरगा आहे, फिरणारच." वीटभट्टीवर निघालो की पोरग्याला आश्रमशाळेत ठेवतो, पोरीला बरोबर नेतो. धाकट्याला कोण सांभाळणार?

पोरग्याचंही बरं नाही. मिसरूड फुटायच्या आत बोटीवर जातो आणि रडला तर "बायल्या आहेस काय?" भीती वाटते हे त्यानं सांगायचं कुणाला?

दुखणं जुनं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 ला बोर्डीत काम सुरू केलं, पुढे कोसबाडला आल्या. पोरगी शाळेत येत नाही कारण कडेवर पोर आहे, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी पोरीला दम दिला नाही. पाळणाघर आणि बालवाडी शाळेला जोडली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा नेली.

लग्नाचा चौक बायांनीच लिहायचा, हा रिवाज. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुरुष असून चित्रं काढू लागले, 2011 ला पद्मश्री झाले. आम्हाला आनंदच आहे. पण पुरुष बायांच्या कामात आला तर कलाकार, आणि पोरगी ताडावर चढली तर सगळा पाडा ओरडतो!

आता जमीन. 2005 साली हिंदू पोरींना बापाच्या मिळकतीत भावाइतका हक्क मिळाला. तो कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे आपल्या पोरीचं काय ते आपला समाजच ठरवतो, आणि समाज तर सात वर्षांच्या पोरीलाच सांगतो, "तू परक्या घरची." वनहक्क कायद्यात, 2006 च्या, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे आहे. वनहक्क समितीत तिसरा हिस्सा बाया लागतात, ग्रामसभेच्या कोरममध्येही लागतात. बाया येतात, सही-अंगठा करतात, बोलत नाहीत. कशा बोलतील? लहानपणापासून "मोठ्यांत तोंड घालू नको" ऐकलंय. भावाला मात्र बापानं बैठकीत मांडीवर बसवलेलं.

आमचा ठराव असा. पुढच्या ग्रामसभेला कडेवरची पोरं बापांनी सांभाळायची, बाया पुढे बसतील. भट्टीवर जाताना पोरीचं नावही आश्रमशाळेत घालायचं. आणि जी विधवा, टाकलेली किंवा बिनलग्नाची बाई एकटी जमीन कसते, तिच्या दाव्यावर भावाचं नाव लिहायचं नाही. एकटीच्या नावेही पट्टा मिळतो, कायद्यात आहे. असे दावे कुठल्या पाड्यात राहिलेत त्याची यादी पुढच्या बैठकीला आणा.