मुलांच्या शंका आणि आपण



नववीतल्या एका मुलाने मला विचारले होते, "सर, नमाजात मन लागत नाही. मग पढून काय उपयोग?" मी त्याला वर्गासमक्ष दटावले. त्यानंतर त्याने नमाजाविषयीच काय, गणिताविषयीही मला काही विचारले नाही. चूक माझी होती.

मेलेले जिवंत कसे होतात हे दाखवण्याची विनंती हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम यांनी अल्लाहला केली. श्रद्धा होतीच, मनाचे समाधान हवे होते. सूरह बकरामध्ये हा प्रसंग आहे. त्यांची विनंती झिडकारली गेली नाही. चार पक्ष्यांची निशाणी मिळाली. इमाम गझालींनीही अशाच तळमळीने १०९५ साली बगदादच्या निजामिया मदरशातील मानाची जागा सोडली आणि कित्येक वर्षांनी ते पुन्हा शिकवू लागले.

तेव्हा पालकहो, मुलाने शंका काढली तर हात उगारू नका. जवळ बसवा, ऐकून घ्या. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा आणि दोघे मिळून जाणत्या आलिमांकडे जा. विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही विचारायला लाजू नका.

तो मुलगा आज भेटला तर मी म्हणेन, "बाळ, माझेही मन कधीकधी लागत नाही. चल, बरोबर पढू."