वादळी दिवसांतील शिबिराची दिनचर्या

(उन्हाळी शिबिरांची व्यवस्था पाहणाऱ्या प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची शिबिरे भरविण्याची पद्धत आपल्याकडे चांगली रुजलेली आहे. शिबिरात मुलगा स्वावलंबन शिकतो, चारचौघांत वागावयास शिकतो, हे आपणांस सांगावयास नको. आज मला शिबिराच्या एकाच अंगाविषयी बोलावयाचे आहे. आपली शिबिरे एप्रिल-मे महिन्यांत भरतात आणि नेमके तेच वळवाचे दिवस असतात. सकाळी आकाश निरभ्र असते. दुपारी तीन-चारच्या सुमारास क्षितिजावर काळी फळी धरते, धुळीचा लोट उठतो आणि पाहता पाहता विजांचा कडकडाट सुरू होतो. अशा वेळी पन्नास-साठ परक्या लेकरांची जबाबदारी शिरावर असलेल्या शिक्षकाने दिवसाचा क्रम कसा ठेवावा?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. वादळामुळे दिनचर्येत खंड पडला असे समजू नये. वादळ हा दिनचर्येचाच एक भाग मानून त्याची जागा, त्याची वेळ व त्यातील प्रत्येकाचे काम पहिल्याच दिवशी नेमून ठेवावे. मराठवाड्यात व विदर्भात दरवर्षी वीज पडून माणसे व जनावरे दगावतात आणि त्यांत शेतात राबणारी माणसे फार असतात. शिबिरातील मुलगा जे शिकेल ते तो त्याच शेतावर घेऊन जाणार आहे, हे आपण विसरता कामा नये.

प्रथम वळवाचे वादळ दुपारीच का येते ते पाहू. उन्हाने जमीन तापते, तिच्या लगतची हवा तापून वर चढते आणि समुद्राकडून आलेली वाफ आपल्याबरोबर नेते. त्यातून उभे वाढत जाणारे ढग तयार होतात. त्यांची उंची दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक होते. ढगाच्या वरच्या भागात हिमकण व गारा एकमेकांवर आपटतात व त्यातून विद्युतभार निर्माण होतो. पाऊस पडू लागला की त्याच्याबरोबर थंड हवा खाली कोसळते व जमिनीवर सर्व बाजूंस पसरते. म्हणून पावसाच्या आधी तो गार वारा येतो. हा गार वारा म्हणजे वादळ दाराशी आल्याची वर्दी होय.

यावरून दिनचर्येचे पहिले सूत्र मिळते. उघड्यावरची सर्व कामे सकाळी उरकावी. पहाटे पाचला उठणे, प्रार्थना, ध्वजवंदन, कवायत, श्रमदान, टेकडीवरची सहल व ओढ्यावरचे स्नान हे सर्व अकराच्या आत संपले पाहिजे. दुपारी भोजन व विश्रांती झाल्यावर छपराखालची कामे घ्यावी : हस्तकला, वाचन, गोष्टी, नाट्यप्रवेशाची तालीम. मैदानी खेळ सायंकाळी असला, तरी तो आकाशाकडे पाहूनच सुरू करावा. वरच्या अंगाला डोंगरात काळे ढग दिसत असतील, तर आपल्या डोक्यावर ऊन असले तरी मुलांना ओढ्यात उतरू देऊ नये. पाणी वरून येते व अचानक येते.

दुसरे सूत्र संघपद्धतीचे. १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे एक शिबिर भरविले. श्रीमंत शाळांतील मुले व कामकऱ्यांची मुले त्यांनी चार लहान संघांत एकत्र घातली व प्रत्येक संघाचा नायक मुलांमधूनच नेमला. पुढे जगभर पसरलेल्या स्काउट चळवळीचा आरंभ येथे झाला. ही पद्धत वादळाच्या दिवशी विशेष उपयोगी पडते. साठ मुले एका शिक्षकाच्या नजरेत मावत नाहीत, परंतु सात-आठ मुले एका संघनायकाच्या नजरेत मावतात. प्रत्येक मुलाला एक जोडीदार द्यावा. शिट्टीचे तीन लांब स्वर झाले की जोडीदाराचा हात धरून ठरलेल्या इमारतीत जावयाचे आणि संघनायकाने हजेरी द्यावयाची, एवढा सराव पहिल्याच दिवशी ऊन असताना दोनदा करून घ्यावा. किती मिनिटे लागली ते फळ्यावर लिहून ठेवावे. मुलांना ती वेळ कमी करण्याची ईर्षा आपोआप वाटते.

शिट्टी केव्हा वाजवावयाची? वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावे. ध्वनी सुमारे तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो. तीस सेकंद झाले तर वीज दहा किलोमीटरवर आहे आणि तेवढ्या अंतरावरून ती पुढच्या वेळी आपल्यापर्यंत येऊ शकते. तेव्हा तिसापेक्षा कमी आकडा आला की थांबू नये. खरे म्हणजे पहिला गडगडाट कानी पडताच आत जाणे उत्तम. शेवटच्या गडगडाटानंतर पुरती तीस मिनिटे होईपर्यंत कोणासही बाहेर सोडू नये. पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, हा समज घातक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. ते शिबिरप्रमुखाच्या मोबाइलवर अवश्य असावे. तथापि यंत्रावर विसंबून डोळे व कान मिटून घेऊ नयेत.

आसरा म्हणजे पक्क्या भिंतींची इमारत, बहुधा शाळाच. तंबू वाऱ्यापावसापासून थोडेफार रक्षण करतो, विजेपासून मुळीच करीत नाही. आत गेल्यावर खिडक्या, नळ व विजेची बटणे यांपासून मुलांना दूर बसवावे. सैल पत्र्याखाली कोणास बसवू नये. आणि झाड! आपल्या खेड्यांतील मुलाला लहानपणापासून पाऊस आला की आंब्याखाली, लिंबाखाली धावावयाची सवय असते. ही सवय मोडणे हेच शिबिराचे मोठे काम आहे. वीज उंच वस्तूवर उतरते, झाडावरून शेजारच्या माणसावर उडी घेते आणि मुळांशी जमिनीतून पसरते. गुरे झाडाखाली मरतात त्याचे एक कारण असे, की त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर असते व जमिनीतील प्रवाह एका पायाने शिरून दुसऱ्याने बाहेर पडतो. म्हणून उघड्या रानात सापडलेल्या मुलाने, जवळ कोणताच आसरा नसेल तर, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, मान खाली घालावी, कान झाकावे. आडवे पडू नये. हा केवळ शेवटचा उपाय आहे हेही त्यास सांगावे.

आता आतील तास-दोन तासांविषयी. मुले घाबरतात ती बहुधा रिकामी बसल्यामुळे. त्यांच्या हातांना काम द्यावे. एका संघाने सेकंद मोजून विजेचे अंतर काढावे व वहीत मांडावे. आकडे घटत आहेत की वाढत आहेत, म्हणजे वादळ जवळ येते आहे की दूर जाते आहे, हे मुलेच सांगू लागतात. दुसऱ्या संघाने पावसाचे गणित करावे. सरळ भिंतीचा डबा आधीच अंगणात ठेवलेला असावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. सहा मीटर लांब व पाच मीटर रुंद छपरावर वीस मिलिमीटर पाऊस पडला तर सहाशे लिटर पाणी वाहून गेले, हा हिशेब मुलगा जन्मभर विसरत नाही. लहान मुलांना जवळ घेऊन सांगावे, “बाळांनो, कडकडाट तुम्ही ऐकलात ना? मग ती वीज पडून गेली. ती आपल्यावर पडली नाही.” शिक्षकाचा आवाज स्थिर असला की मुलांची मनेही स्थिर होतात.

भोजनाचीही तजवीज आधीच हवी. एका दिवसाचे कोरडे सरपण प्रत्येक सकाळी आत आणून ठेवावे. चूल पेटली नाही तर फुटाणे, चुरमुरे, शेंगदाणे व गूळ तयार असावा. पुढे शेगडीवर खिचडी झाली तरी ती मेजवानी वाटते. तंबू असतील तर त्यांच्याभोवती चर खणलेला असावा. सुती किंवा अंबाडीचे दोर भिजले की आखडतात व खुंट्या उपटतात, म्हणून ढग दिसताच दोर थोडे सैल करावयास मुलांना शिकवावे. वादळानंतर प्रथम हजेरी, मग अंथरुणे वाळविणे व पडझडीची पाहणी. तुटलेल्या तारेजवळ कोणासही जाऊ देऊ नये.

सरावाचे मोल किती असते याचे एक दुःखद उदाहरण सांगतो. अमेरिकेतील आयोवा राज्यात लिटल सू येथे स्काउट मुलांचे शिबिर चालू होते. ११ जून २००८ रोजी सायंकाळी तेथे टोर्नेडो हे प्रचंड वावटळीसारखे वादळ कोसळले. चार मुले मृत्यू पावली, चाळीसहून अधिक जण जखमी झाले. आदल्याच दिवशी त्या मुलांनी संकटकाळचा सराव केला होता. मदत येण्यापूर्वी त्यांनीच जखमींचे रक्त थांबविले, जखमा बांधल्या व वाट मोकळी केली. वादळापुढे माणसाचे सर्वस्वी चालत नाही, चार घरे तेथे उजाड झालीच. पण जी मुले हात बांधून उभी राहिली असती, ती धावून गेली.

आपल्या शिबिरातही एवढे शिकवता येईल. वीज अंगावर पडलेल्या माणसाला हात लावल्याने धक्का बसत नाही. तो जमिनीत पुरावा, त्यास शेणात ठेवावे, असल्या समजुतींत मोलाची मिनिटे जातात. जागा सुरक्षित पाहून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने जोराने दाब देत राहावे. आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांना बोलावून हे प्रत्यक्ष दाखवून घ्यावे.

बंधुभगिनींनो, शिबिर संपते, मुले घरी जातात आणि मृगाच्या तोंडाशी बापाबरोबर शेतावर उभी राहतात. आभाळ भरून येते, बाप सवयीने लिंबाच्या झाडाकडे वळतो. त्या क्षणी दहा-बारा वर्षांचा मुलगा त्याचा हात धरून “आबा, झाडाखाली नको, घराकडे चला” असे म्हणाला, तर आपले शिबिर सार्थकी लागले. मुलाने बापास शिकविण्यात काही कमीपणा नाही. तो अधिकार त्यास शाळेने दिलेला असतो. यंदाच्या शिबिराचे वेळापत्रक आखताना वादळाचा रकाना त्यात पहिल्याच दिवशी भरावा, एवढीच आपणांस विनंती आहे.