खंडानंतरचं गाणं

लिहिणं, गाणं किंवा चित्र काढणं काही वर्षं बंद पडलं आणि पुन्हा सुरू करायची वेळ आली, की माणूस आधी जुनी वही उघडतो. जिथे थांबलो तिथूनच पुढे जायचं, हे त्याने मनाशी धरलेलं असतं. घरचे आणि चाहतेही तेच धरून चालतात आणि पूर्वीसारखं होऊ दे म्हणतात. माझ्या मते परतणाऱ्याचा घात ही अपेक्षाच करते. मधल्या काळात त्याचं शरीर बदललेलं असतं, कानावर आणि डोळ्यांवर काही वेगळं पडलेलं असतं. काम पुन्हा उभं राहतं ते या नव्या भांडवलावर. याचा सर्वांत भक्कम पुरावा कुमार गंधर्वांच्या गाण्यात आहे, म्हणून आज मुख्यतः त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांची गायकी हुबेहूब गळ्यातून काढत असे. लोक थक्क होत. पुढे मुंबईत प्रा. बा. र. देवधरांकडे रीतसर तालीम झाली, नाव झालं, आणि ऐन विशीत क्षयाने गाठलं. 1948 साली कोरड्या हवेसाठी ते माळव्यात देवासला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं, ते पाचएक वर्षं. स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागल्यावर प्राण वाचले, पण एक फुप्फुस निकामी झालं. ज्या गळ्यावर त्यांची कीर्ती उभी होती, त्या गळ्याचा अर्धा दम गेला. 1953 च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा जुन्या गाण्याकडे परतायचा रस्ताच उरलेला नव्हता.

पण ही पाच वर्षं रिकामी गेली नव्हती. गायचं नव्हतं, ऐकणं मात्र चालू होतं. माळव्यातल्या बायका लग्नात, सणाला, ऋतू पालटला की गात. ती गाणी अंथरुणावर पडल्यापडल्या कानावर येत. या धुना नीट ऐकून पाहा. चार-पाच स्वरांत सगळा कारभार. साथीला फार तर एखादं ढोलक. तरी दोन ओळींत चाल अशी घट्ट बसते की एक स्वर हलवला तर ती तिची राहत नाही. रागाचं बी इथे आहे, हे कुमारांनी या काळात ओळखलं. त्यांनी धुना टिपल्या, त्यांचं स्वरलेखन केलं आणि त्यांतून धुनउगम राग उभे केले: लगनगंधार, संजारी, मालवती, सहेली तोडी. नाथपंथी साधूंची निर्गुणी भजनं त्यांना देवासच्या परिसरातच भेटली. त्यांचं ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक 1965 साली निघालं, त्यात या नव्या कामाचा मोठा वाटा आहे. आजार आला नसता, तर हा गवई मुंबई सोडून माळव्याच्या अंगणातलं गाणं ऐकायला वर्षानुवर्षं बसला असता का? मला तसं वाटत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. फुप्फुस गेलं म्हणून स्वरवाक्यं तोकडी झाली, आपण उगाच त्याला सौंदर्यदृष्टीचं नाव देतो, असं म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे. दम कमी असणारा माणूस लांब आलाप-तानांच्या वाटेला जाणार नाही. पण दम कमी असल्याने फार तर काय गाता येणार नाही ते ठरतं. त्या जागी काय गायचं ते ठरत नाही. झटकन फेकलेला स्वर, त्यामागची शांतता, ती शांतता भरून काढणारे काटेकोर जुळवलेले तानपुरे, अतिविलंबिताऐवजी मध्यलयीकडे ओढा, ही सगळी निवड आहे. नवे राग तर फुप्फुसाच्या हिशेबात मुळीच बसत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कुमार प्रतिभावंत होते. शिवाय त्यांच्यामागे पत्नी भानुमती उभ्या होत्या. त्यांनी शुश्रूषा केली, देवासला शाळेत नोकरी करून संसार चालवला. ज्यांच्यामागे असं कोणी नाही, त्यांनी काय करायचं? इथे मी पूर्ण मान्य करतो की खंड स्वतःहून काहीच देत नाही. कितीतरी माणसांचा तो नुसता घास घेतो. विशेषतः मुलं, सासरचं घर आणि आजारी माणसं सांभाळण्यात ज्या स्त्रियांची वीस-वीस वर्षं गेली, त्यांना ‘तुमचा अनुभव समृद्ध झाला’ असं सांगणं निर्दयपणाचं आहे. हातावर गंज चढलेला असतो आणि तो रोजच्या मेहनतीशिवाय उतरत नाही. माझा मुद्दा एवढाच की ही मेहनत जुन्या स्वतःची नक्कल करण्यात खर्च होऊ नये.

कवी अरुण कोलटकरांचं उदाहरण याहून वेगळं आहे. ‘जेजुरी’ 1976 ला आली, ‘अरुण कोलटकरच्या कविता’ 1977 ला, आणि त्यानंतर पाव शतकाहून जास्त काळ पुस्तक नाही. मग 2003-04 मध्ये ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’, ‘द्रोण’ अशी पुस्तकं एकामागून एक आली. हा वाचकांनी मोजलेला खंड होता. कवीचं लिहिणं चालूच होतं. म्हणून कोणी म्हणेल की हा दाखला इथे गैरलागू आहे. पण ‘भिजकी वही’ उघडून पाहा. हायपेशिया, कॅसांड्रा, कण्णगी, व्हिएतनामची किम अशा देशोदेशींच्या, वेगवेगळ्या काळांतल्या स्त्रियांचं दुःख तिथे एकत्र आलं आहे. हा कवी 1977 च्या पुस्तकाचा दुसरा भाग घेऊन आलेला नाही. तो 1977 च्याच जागी उभा असेल असं धरून वाचणाऱ्याच्या हाती हे पुस्तक लागणार नाही.

म्हणून माझी विनंती परतणाऱ्यांपेक्षा त्यांच्या भोवतालच्या लोकांना आहे. संपादकांनी जुन्या यशाच्या मापाने नवं हस्तलिखित मोजू नये. मैफलीत वीस वर्षांपूर्वीच्या चिजेची फर्माईश लगेच करू नये. आणि घरात कोणी पुन्हा पेटी उघडली, कुंचला हातात घेतला, तर ‘पूर्वी छान जमायचं तुला’ म्हणण्याऐवजी रोजचा एक तास त्या व्यक्तीची कामं आपल्याकडे घ्यावीत. भानुमतींनी नेमकं तेच केलं होतं.