हवेची फळी आणि समुद्राची लाट
(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं)

रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडहून आम्ही बोलतोय. आम्ही म्हणजे एका बचत गटातल्या बाराजणी. कुणी गडावर येणाऱ्या लोकांना जेवण करून देतो, कुणी ताक आणि सरबत विकतो, कुणी नुसती भातशेती बघतो. डोंगरातल्या बायका समुद्रातल्या खेळाबद्दल काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. म्हणून कारण आधी सांगतो.

आमच्यातल्या एकीची लेक श्रीवर्धनकडे दिलीय. तिच्या सासरी घरगुती राहण्या-जेवण्याची सोय आहे. दिवाळीत जावई आले आणि म्हणाले, “आत्या, मुंबई-पुण्याची माणसं हल्ली फुगवायच्या फळ्या मागतात. त्यावर उभं राहायचं, वल्हं मारायचं. गटानं चार फळ्या घेतल्या तर भाड्यानं देता येतील. लाटांवर चालवायलापण शिकवू.” एका फळीचे 25,000 रुपये. चार फळ्यांचा एक लाख. मासिक बैठकीत विषय निघाला तेव्हा निम्म्या जणी हो म्हणाल्या, निम्म्या गप्प बसल्या. मग आमच्या सचिव म्हणाल्या, “म्हैस घेताना आपण दूध काढून बघतो. फळीपण बघून येऊ.” डिसेंबरात आम्ही सातजणी आणि दोन मुली श्रीवर्धनकडे गेलो. एक फळी जावयांनी ओळखीतून मागून आणली होती.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. तिला पॅडलबोर्ड म्हणतात. घडी केली की मोठ्या पिशवीत मावते, एसटीतही नेता येते. पंपानं दहा-पंधरा मिनिटं हवा भरली की दहा-अकरा फूट लांब, अडीच फुटांहून थोडी रुंद आणि सहा इंच जाड अशी फळी तयार होते. आत वरच्या आणि खालच्या थराला जोडणारे हजारो धागे असतात, गोधडीला टाके घालावेत तसे. म्हणून ती फुग्यासारखी गोल न होता सपाट राहते. आतल्या हवेचा दाब मोटरसायकलच्या चाकातल्या दाबाच्या साधारण निम्मा. वजन आठ-दहा किलो. खाली शेपटाकडे माशाच्या परासारखं एक पातं असतं, त्यानं फळी सरळ जाते. एक दोरी असते, ती पायाला बांधायची, म्हणजे पडलो तरी फळी लांब जात नाही.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही खाडीत गेलो. भरती पुरी होत आलेली, पाणी थांबल्यासारखं. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट. आधी गुडघ्यावर बसायचं, मग एकेक पाय उचलून उभं राहायचं. अर्ध्या तासात दोन्ही मुली उभ्या राहिल्या. आमच्यातली एक पस्तिशीची वहिनीही उभी राहिली. चौथी पडली, पण पुन्हा चढली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, कारण फळी मऊ. घरच्या कामातून कधी बाहेर न पडलेल्या बाईला पाण्यावर उभं राहिल्यावर काय वाटलं, ते तिनं एसटीत परत येताना तीनदा सांगितलं. तेव्हा खोटं कशाला बोला, साध्या थांबलेल्या पाण्यात तोल शिकायला ही फळी उत्तम आहे.

पण आमचा मोह वाढला. दुपारी आम्ही समुद्रावर गेलो. लाटा फार नव्हत्या, कमरेएवढ्या. पोटावर झोपून फुटलेल्या लाटेच्या फेसाबरोबर किनाऱ्याकडे सरकायचं, इथपर्यंत मजा आली. मग मोठी मुलगी उभी राहिली. लाटेनं फळी ढकलली, ती उथळ पाण्यात आली, खालचं पातं वाळूत रुतलं आणि फळी जागच्या जागी थांबली. पोरगी मात्र थांबली नाही, ती पुढे फेकली गेली. वाळूवर पडली म्हणून निभावलं.

धाकटी पंधरा वर्षांची. ती फळी घेऊन पाण्यात चालत निघाली होती. फळी तिनं आपल्या आणि लाटेच्या मध्ये आडवी धरली होती. लाट आली, तिनं फळी उचलली आणि फळीची कड हनुवटीवर बसली. मऊ फळी, असं सकाळपासून आम्हीच म्हणत होतो. पण दहा फुटांच्या फळीमागे लाटेचा जोर आला की मऊपणा कामाला येत नाही. त्यात पायातली दोरी गुंतली. बाहेर काढेपर्यंत ती दोन घोट खारं पाणी प्यायली होती. हनुवटीला तीन टाके पडले.

दवाखान्यातून आल्यावर तिची आई बराच वेळ बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, “ही आपली पोर आहे. पाहुण्याची असती तर?”

आमच्या एक लाखाचा हिशोब त्या प्रश्नावर थांबला. नंतर आम्ही जावयांच्या ओळखीनं गोव्यात लाटांवरचा खेळ शिकवणाऱ्यांशी फोनवर बोललो, किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारलं. जे कळलं ते असं.

हवेच्या फळीच्या कडा जाड आणि गोल असतात. लाटेवरून तिरकं जायचं तर फळीची कड पाण्यात रुतावी लागते, विळीचं पातं रुततं तशी. गोल कड रुतत नाही, फळी आडवी घसरते. दुसरं, ती पाण्यावर फार उंच तरंगते, त्यामुळे वारा तिला पानासारखी ढकलतो. तिसरं, उभ्या माणसाच्या वजनानं ती मधे थोडी लवते आणि उतरत्या लाटेवर तिचं नाक पाण्यात खुपसतं. चौथं, ती मोठी असते. फेसात तिला आवरायला ताकद लागते, आणि आजूबाजूला पोरं पोहत असतील तर त्यांनाही ती लागते.

मग नवशिक्यानं लाट शिकायची कशावर? शिकवणारे सुरुवातीला स्पंजासारख्या मऊ थराची भरीव फळी देतात, साधारण आठ-नऊ फुटांची. वल्हं नसतं. पाणी कमरेइतकं, लाट आधीच फुटलेली, शिकवणारा शेजारी उभा. आधी झोपून, मग गुडघ्यावर, मग उभं. गोव्यात मोरजी-आश्वे भागात आणि कर्नाटकात मुल्कीला असे शिकवणारे आहेत. पोरींनी हे करू नये असं आमचं अजिबात म्हणणं नाही. इशिता मालविया ही मुंबईत वाढलेली मुलगी देशातली पहिली महिला सर्फर म्हणून ओळखली जाते. कर्नाटकच्या किनाऱ्यावरची तन्वी जगदीश पॅडलबोर्डच्या जागतिक स्पर्धेसाठी 2016 मध्ये फिजीला गेली होती. पोरींना जमतं. पण त्या शिकवणाऱ्याच्या नजरेखाली, पायरीपायरीनं शिकल्या.

आता एक गोष्ट खास आपल्या महाड-पोलादपूरच्या बायकांसाठी. 22 जुलै 2021 चा महापूर आपण कुणी विसरलो नाही. तेव्हा एनडीआरएफच्या जवानांच्या रबरी बोटी आपण बघितल्या. त्यामुळे हवेनं फुगवलेली वस्तू म्हणजे जीव वाचवणारी, असं आपल्या मनात बसलंय. आमच्याही बसलं होतं. पण त्या बोटीत हवेचे वेगवेगळे कप्पे असतात, एक फुटला तरी बाकीचे तारतात. चालवणारा शिकलेला असतो. कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग चालतं, तिथंही माणसं बसलेली असतात, डोक्यावर हेल्मेट, अंगात जॅकेट आणि सोबत जाणकार. आपल्या फळीला बहुतेक वेळा एकच कप्पा आणि एकच व्हॉल्व्ह. दगडावर फाटली की संपली.

म्हणून पावसाळ्यात काळ, गांधारी, सावित्री या नद्यांत अशी फळी किंवा ट्रकची ट्यूब घेऊन कुणी उतरू नये. वाहत्या नदीत पायाला दोरी बांधणं तर घातकच. दोरी फांदीत अडकली की पाणी माणसाला खाली दाबतं आणि वाकून ती सोडवता येत नाही. नदीत एका झटक्यात सुटणारी कमरेची पट्टीच लागते.

समुद्रावर सहलीला जाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

मुलांच्या शाळेच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे आहेत. दुपारी वारा समुद्राकडून येतो, तो खारा. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. सकाळी पाणी शांत दिसतं, पण तोच वारा हवेची फळी आत नेतो. तसं झालंच तर फळी सोडू नका. तिच्यावर पालथं झोपून हातानं पाणी मारत या आणि ओरडून मदत मागा.

लाटांच्या मध्ये एखादा पट्टा गप्प दिसतो, तिथं लाट फुटत नाही. नवखा माणूस तिथंच उतरतो. पुष्कळदा पाणी तिथूनच आत ओढतं. ओढलं गेलात तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर सरका आणि मग बाहेर या. मुरुडला 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. आपल्यासारख्याच, समुद्र रोज न बघणाऱ्या घरांतली ती मुलं. किनाऱ्यावरचा कोळी नको म्हणाला की नको.

फळी हातात असेल तर तिचं नाक लाटेकडे ठेवा. फळी कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरू नका. आणि किनाऱ्यावर आल्यावर ती उन्हात ठेवू नका. आतली हवा तापून फुगते आणि शिवण सुटते.

आता आमच्या कर्जाचं काय झालं? ते आम्ही बाजूला ठेवलं. पैसे घेऊन पाण्यावरचे खेळ चालवायचे तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागते, आणि माणसं वाचवण्याचं शिक्षण घेतलेला कुणीतरी सोबत हवा. ते दोन्ही झाल्याशिवाय फळी नाही. आणि घेतलीच तर खाडीसाठी, लाटेसाठी नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. शांत पाणी, बसलेली माणसं, आणि वल्हवणाऱ्या बायका खाडीच्याच. आपल्याला त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. जावईबापूंना हे सांगितलं तेव्हा ते थोडे खट्टू झाले, पण टाके त्यांनीही पाहिले होते.

एक काम मात्र लगेच ठरवलं. आमच्या बाराजणींपैकी पोहता येतं फक्त तिघींना. मुलगे डोहात पाठीला भोपळा नाहीतर रिकामा कॅन बांधून शिकतात, मुली काठावर कपडे धुतात. आणि भोपळ्यानं तरंगणं म्हणजे पोहणं नव्हे. तो सुटला की कळतं. फळीचंही तेच आहे. ती तरंगते, आपण तरंगतोच असं नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी कमी आणि स्थिर असताना, पोहणाऱ्या तिघी बाकीच्यांना आणि मुलींना शिकवणार आहेत. काठावर दोरी घेऊन दोघी बसणार, एका वेळी पाण्यात चारच.

टाके निघाल्यावर धाकटीनं आईला विचारलं, “परत कधी जायचं?” आम्हाला वाटलं, आई आता रागावणार. ती म्हणाली, “मे महिन्यात तू हा डोह दोनदा पार करून दाखव. मग लाटेचं बघू. आणि मीपण शिकणार आहे.”

तुमच्या गावात, तुमच्या गटात पोहता येणाऱ्या किती जणी आहेत, ते पुढच्या बैठकीत एकदा मोजा.