चावटपणाचं कुंपण



या व्यासपीठावर संतसाहित्य, सहकार, पाणीप्रश्न असे विषय शोभतात. आज संयोजकांनी चावट विनोदाला तासभर देऊ केला, त्यांच्या धाडसाचं कौतुक. पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांनी मात्र निर्धास्त असावं. ज्या इंग्रजी चित्रपटांबद्दल मी बोलणार आहे, त्यांत प्रत्यक्षात काहीच घडत नाही. आता घडणार, आता घडणार असं वाटत असतानाच इस्पितळातली मुख्य परिचारिका, म्हणजे मेट्रन, येते.

१९५८ साली ‘कॅरी ऑन’ मालिकेतला पहिला चित्रपट ‘कॅरी ऑन सार्जंट’ आला. निर्माता पीटर रॉजर्स, दिग्दर्शक जेराल्ड थॉमस, मुक्काम लंडनजवळचा पाइनवुड स्टुडिओ. याच जोडीने १९७८ पर्यंत या मालिकेत तीस चित्रपट काढले. पैसा बेताचा, चित्रीकरण काही आठवड्यांत उरकायचं आणि नटमंडळी बहुतेक घरचीच. सिड जेम्सचं ते घशातलं ओशट खिदळणं, नाकपुड्या फुगवून तुच्छतेने बघणारा केनेथ विल्यम्स, काडीपैलवान चार्ल्स हॉट्री, धिप्पाड हॅटी जॅक्स, जोन सिम्स, आणि पुढे बार्बरा विंडसर. कथानक कुठलंही असो, ही माणसं तीच, त्यांच्या खोडीही त्याच.

हा विनोद या मंडळींनी शोधलेला नव्हता. एक मुळी गाणी-नकलांच्या म्युझिक हॉलच्या रंगमंचावरची, दुसरी समुद्रकाठच्या दुकानांत मिळणाऱ्या रंगीत पोस्टकार्डांची. ही कार्डं काढणाऱ्यांत डोनल्ड मॅगिलचं नाव सगळ्यात मोठं. लठ्ठ बायका, मरतुकडे नवरे, मधुचंद्राची जोडपी आणि खाली दोन अर्थांची एक ओळ. १९५४ मध्ये लिंकनच्या न्यायालयात या म्हाताऱ्या चित्रकारावर अश्लीलतेचा खटला चालला आणि त्याला पन्नास पौंड दंड झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९४१ मध्ये, ऐन महायुद्धात जॉर्ज ऑर्वेलने मॅगिलवर निबंध लिहिला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या समाजात लग्न मोडत नाही आणि कुटुंब गृहीत धरलेलं असतं, तिथेच असले विनोद होऊ शकतात. म्हणजे हा चावटपणा नीतीचा शत्रू नाही, तो नीतीच्याच आधाराने उभा आहे. कुंपण आहे म्हणून डोकावण्यात मजा आहे. आजचं माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्याभोवती आहे.

सुरुवातीच्या चित्रपटांची ठिकाणं बघा. लष्करी छावणी, इस्पितळ, शाळा, पोलीस चौकी. सक्तीची लष्करी सेवा त्या पिढीतल्या तरुणांच्या वाट्याला आली होती. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि सरकारी इस्पितळातली खाट हा सगळ्यांचा सामाईक अनुभव झाला. ‘कॅरी ऑन नर्स’ १९५९ मध्ये ब्रिटनमधला सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला तो उगाच नाही. त्यात शेवटी एका त्रासदायक कर्नलची परिचारिका जिरवतात. थर्मामीटर लावायचा म्हणून त्याला पालथं झोपवतात आणि थर्मामीटरच्या जागी डॅफोडिलचं फूल खोचून निघून जातात. तेवढ्यात मेट्रन खोलीत येते.  फूल कुठे आहे हे प्रेक्षकाने आपल्या मनात बघायचं. खाटेवर पडून हुकूम सोडणाऱ्या बड्या माणसाची फजिती झाली, आणि थिएटरात हसणाऱ्यांत त्याच इस्पितळांच्या खाटांवर पडून आलेले असंख्य लोक होते.

या मेट्रनची गंमत पुढे वेगळ्याच ठिकाणी गेली. १९६० नंतरच्या प्रशासकीय सुधारणांत ब्रिटिश इस्पितळांतून मेट्रनचं पद गेलं. २००१ पासून सरकारने ते नव्या रूपात परत आणलं, कारण वॉर्डात जबाबदार कोण हे लोकांना कळेनासं झालं होतं. मेट्रन म्हटल्यावर ब्रिटिश माणसाच्या डोळ्यांपुढे जी मूर्ती उभी राहते ती पडद्यावर मेट्रन झालेल्या हॅटी जॅक्सची. ज्या बाईची टर उडवली, तिचीच आठवण लोकांनी जपली. जुन्या चावट सिनेमाच्या ओढीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. लोकांना नुसती उघडी मांडी आठवत नाही, दारात उभी राहिलेली मेट्रनही आठवते.

‘कॅरी ऑन कॅम्पिंग’ घ्या, १९६९ चा. मोकळ्या माळावर मुलींचा व्यायाम चालू आहे, बार्बरा विंडसर हात ताणते आणि बिकिनीचा वरचा तुकडा उडून जातो. ब्रिटनमध्ये हे दृश्य माहीत नाही असा त्या पिढीतला माणूस विरळा. पडद्यावर ऐन उन्हाळा आहे. प्रत्यक्षात चित्रीकरण झालं शरद ऋतूच्या शेवटी, पाइनवुडच्याच आवारात. झाडांची पानं गळलेली, खाली चिखल. तो चिखल हिरवा रंगवून गवत केलं. तो तुकडा मासे पकडायच्या दोरीला बांधून बाजूला उभ्या असलेल्या माणसाने ओढला. बाई थंडीने कुडकुडते आहे, पाय चिखलात आहेत आणि प्रेक्षक समजतात की मौजमजा चालली आहे. त्या काळच्या ‘मोकळ्या’ वातावरणाविषयी कोणी हळवं होऊन बोलू लागलं की मला तो रंगवलेला चिखल आठवतो.

आता आपल्या जवळचा चित्रपट. ‘कॅरी ऑन अप द खैबर’, १९६८. हिंदुस्थानातली ब्रिटिश सत्ता, वायव्य सरहद्द. खैबर खिंड म्हणून वेल्समधल्या स्नोडन पर्वताचा पायथा दाखवला आहे आणि हिंदुस्थानी संस्थानिक झाला आहे केनेथ विल्यम्स, तोंडाला रंग फासून. आपण चिडावं असं त्यात बरंच आहे. पण कथेचा कणा बघा. स्थानिक लोक गोऱ्या पलटणीला घाबरतात, कारण हे शिपाई घागऱ्यासारख्या किल्टखाली काही घालत नाहीत अशी त्यांची ख्याती. एक दिवस एका शिपायाच्या किल्टखाली चड्डी सापडते. दरारा संपतो, बंड पेटतं. दीडशे वर्षांचं साम्राज्य एका चड्डीवर उभं होतं, असं इंग्रजांनीच इंग्रजांना सांगितलं!

शेवटची मेजवानी तर अव्वल. बाहेरून तोफांचा मारा चालू आहे. छताचा गिलावा ताटात पडतो. साहेब आणि मडमा तो झटकून जेवत राहतात, वाद्यवृंद वाजवत राहतो. घाबरतो तो एकटा पाद्री, आणि त्याचं वागणं सगळ्यांना असभ्य वाटतं. चित्रपट आला त्याच्या आदल्या वर्षी पौंडाचं अवमूल्यन झालं होतं आणि सुएझच्या पूर्वेकडलं सैन्य मागे घ्यायची घोषणा चित्रपटाच्याच वर्षीची, १९६८ ची. प्रेक्षक जे बघून हसत होते ते त्यांच्याच घरात चाललं होतं.

मग हा विनोद मेला कसा? सेन्सॉरने मारला नाही. १९६८ मध्ये ब्रिटिश रंगभूमीवरची सरकारी परीक्षणाची सक्ती गेली, सिनेमातली बंधनंही सैल होत गेली. १९७४ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ विंडो क्लीनर’ आला आणि ‘कॅरी ऑन’वाले जे सुचवत होते ते त्याने सरळ दाखवलं. स्पर्धेत उतरायचं म्हणून १९७८ मध्ये ‘कॅरी ऑन इमॅन्युएल’ काढला. त्यात घडतं, आणि म्हणूनच हसू येत नाही. तो पडला आणि दुकान बंद झालं. १९९२ चा ‘कोलंबस’ हा नंतरचा फसलेला प्रयत्न.

आपल्याकडे दादा कोंडके यांनी लोकनाट्यातली बतावणी ‘सोंगाड्या’पासून पडद्यावर आणली, ती सत्तरच्याच दशकात. म्युझिक हॉल आणि तमाशा यांचा परस्परांशी काही संबंध नाही, पण दोन्हींकडे नियम एकच: सगळं बोलायला मुभा मिळाली की द्व्यर्थी बोलणाऱ्याचा धंदा बसतो.

तर मग ते कुंपण चांगलं होतं का? इथे मी स्मरणरंजन करणाऱ्यांची साथ सोडतो. कुंपणाचे काटे सगळ्यांना सारखे टोचत नव्हते. सिड जेम्स आणि केनेथ विल्यम्स यांना चित्रपटामागे साधारण पाच हजार पौंड मिळत, बायकांना त्याच्या निम्मे. विल्यम्स आणि हॉट्री हे दोघं समलिंगी. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत पुरुषांमधले असे संबंध गुन्हा होते. त्यांच्या बायकी हावभावांवर थिएटर गडगडायचं, आणि तसं खरं जगणं तुरुंगात नेऊ शकत होतं. विल्यम्सच्या रोजनिश्या त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या. त्यांत एकटेपणा पानोपानी आहे, आणि ज्या चित्रपटांनी त्याला अमर केलं त्यांच्याविषयीचा वैतागही.

पुढे हे चित्रपट टीव्हीवर सुट्टीच्या दुपारी वर्षानुवर्षं लागत राहिले. नटांना त्या फेरप्रक्षेपणाचा पैसा मिळाला नाही. मात्र त्या प्रक्षेपणांमुळे १९७८ नंतर जन्मलेल्यांनाही या काळाची ओढ लागली. त्यांनी ती छावणी पाहिली नाही, ती मेट्रन पाहिली नाही. त्यांना हवंहवंसं वाटतं ते एवढंच, की अख्खा देश एकाच गोष्टीवर एकाच वेळी हसत होता. हे सुख खरं आहे, त्याची चेष्टा मी करणार नाही. पण त्या हशात कोण कोण गप्प बसून हसत होतं, हेही विसरू नका.

माझी विनंती साधी आहे. ‘नर्स’ आणि ‘खैबर’ अवश्य बघा, मोठ्याने हसा, आणि ‘खैबर’ बघताना जिथे राग येईल तिथे रागवा. ‘इमॅन्युएल’ नाही पाहिलात तरी काही बिघडत नाही.