सही करण्याआधी, नाही म्हणण्याआधी

(कुरखेडा इथे तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोस्तहो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण घरात एक मुलगा इंजिनिअर झाला की नातेवाइकांचे फोन दोन कारणांसाठी येतात. एक, मोबाईल बंद पडला. दोन, रुग्णालयाने हा कागद दिलाय, जरा वाचून सांग. आज मी त्या दुसऱ्या फोनबद्दल बोलणार आहे. त्यातले काही कागद क्लिनिकल ट्रायलचे, म्हणजे औषधाच्या चाचणीचे असतात. आपल्या भागात दमा, टीबी, जुना खोकला घराघरांत आहे. त्यामुळे हा कागद उद्या तुमच्याही हातात येऊ शकतो.

अशा कागदाबद्दल मी मोहल्ल्यात दोनच वाक्यं ऐकतो. "आपल्यावर प्रयोग करतायत, पळा." किंवा "डॉक्टरसाहेब म्हणाले ना, मग कर सही." दोन्ही वाक्यं कागद न वाचता बोललेली असतात.

चाचणी म्हणजे काय, हे समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. फुप्फुसाच्या आजारावरची एक महत्त्वाची चाचणी आपल्याच जिल्ह्यात झाली आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. सुरुवातीला त्यांनी इथल्या सिकल सेल आजारावर अभ्यास केला. पण लोकांना त्यात फारसा रस नव्हता, कारण तो लोकांनी विचारलेला प्रश्न नव्हता. संशोधन लोकांच्या गरजेचं हवं, हा धडा आपण तिथे शिकलो, असं डॉ. बंग सांगतात.

लोकांच्या डोळ्यांसमोर लहान मुलं मरत होती, आणि त्यात मोठं कारण होतं न्यूमोनिया. जुनी माणसं ज्याला 'डब्बा' म्हणतात तो. औषध होतं, कोट्रायमॉक्साझोल, अगदी स्वस्त. पण डॉक्टर कोसांवर, रस्ता नाही, आणि मूल एक-दोन दिवसांत हातचं जायचं. मग प्रश्न उभा राहिला: गावातली दाई आणि गावातलाच आरोग्यसेवक न्यूमोनिया ओळखून औषध देऊ शकतील का? त्याने मृत्यू कमी होतील का?

एका बाजूला ५८ गावं घेतली. तिथे लोकांना न्यूमोनियाची माहिती दिली आणि दाया, आरोग्यसेवक यांना उपचार शिकवले. दुसऱ्या बाजूला ४४ गावं तुलनेसाठी ठेवली. दोन्हीकडे मिळून पाच वर्षांखालची दहा हजारांहून जास्त मुलं होती.

यातली एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. पण अनेक दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग सर्चने एक साधं उपकरण बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया समजायचा. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या हातात निदान आलं.

निकाल १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. उपचाराच्या गावांत न्यूमोनियाच्या ६१२ रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांतले ०.८ टक्के दगावले. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होतं. वर्षभरानंतर न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू दर हजार मुलांमागे एकीकडे ८.१ आणि दुसरीकडे १७.५ होते. पुढे २००४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदन काढलं, की गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी न्यूमोनियावर औषध द्यावं. त्यामागच्या पुराव्यांत गडचिरोलीही होतं.

आता कुणी विचारेल, ती ४४ गावं कशाला? सगळ्यांनाच औषध द्यायचं होतं. हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं ओझं खरं आहे. पण तुलना नसती तर मृत्यू कमी झाले ते औषधाने, की त्या वर्षी पीक चांगलं आलं म्हणून, हे कसं कळणार? आम्ही एखादं ॲप बदलतो तेव्हा आधी निम्म्या लोकांना नवं देतो, निम्म्यांना जुनंच ठेवतो, आणि मग बघतो. ॲपमध्ये चूक झाली तर बटण बिघडतं. इथे माणूस असतो. म्हणून इथे नियम कडक लागतात.

ही पद्धत परकी आहे असंही समजू नका. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये काम केलेल्या अल-राझी या हकिमाने लिहून ठेवलंय, की त्याने काही रुग्णांवर रक्त काढण्याचा उपाय केला आणि काहींवर मुद्दाम केला नाही, फरक बघण्यासाठी. त्याचा नुसता अभिमान बाळगून उपयोग नाही. त्याच्यासारखं तपासून बघण्याची सवय हवी.

मग "पळा" म्हणणाऱ्यांचं सगळंच चूक आहे का? नाही. भोपाळ आठवा. १९८४ च्या वायुगळतीने हजारो लोकांची फुप्फुसं कायमची निकामी झाली. त्यात जुन्या भोपाळमधली गरीब मुस्लिम कुटुंबं खूप होती. त्या पीडितांसाठी उभारलेल्या रुग्णालयात पुढे २००४ ते २००८ च्या काळात औषधांच्या चाचण्या झाल्या. आपण चाचणीत आहोत हे आपल्याला कळलंच नव्हतं, असं अनेक रुग्णांनी आणि नातेवाइकांनी नंतर सांगितलं. भीती अशा अनुभवातून येते. तिला अडाणीपणा म्हणू नका.

पण दुसराही एक धोका आहे आणि त्याच्याबद्दल आपण बोलत नाही. तो म्हणजे मोजणीतूनच वगळलं जाण्याचा.

सीओपीडी हा फुप्फुसाच्या नळ्या अरुंद होत जाण्याचा आजार. त्याच्या औषधांच्या बऱ्याच मोठ्या चाचण्यांत एक अट असते: रुग्णाने किमान दहा 'पॅक-वर्षं' धूम्रपान केलेलं हवं. म्हणजे रोज वीस सिगारेटी, दहा वर्षं. आता आपल्या अम्मी, खाला, शेजारची गोंड आजी यांनी सिगारेट हातातही धरलेली नाही. त्यांची फुप्फुसं चुलीच्या धुराने गेली. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की धूम्रपान न करणाऱ्यांमधल्या सीओपीडीकडे जगाने फार कमी लक्ष दिलंय. औषध लंडनच्या सिगारेटवाल्यावर तपासलं जातं आणि कुरखेड्याच्या चुलीवालीला दिलं जातं. कदाचित चांगलंच लागू पडत असेल. पण तिच्यासारख्यांवर तपासल्याशिवाय खात्रीने कोण सांगणार?

प्रश्न आपला असेल तर उत्तरही आपल्या कामाचं येतं. झारखंडमध्ये २०१९ पासून टीबी रुग्णांच्या घरच्या दहा हजारांहून जास्त लोकांमध्ये एक चाचणी झाली. सगळ्या रुग्णांना शिधा मिळत होता. निम्म्या घरांत घरच्या बाकीच्यांनाही तो दिला. २०२३ मध्ये निकाल आला: त्या घरांत टीबीचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी. धान्य-डाळही टीबी रोखते, हे चाचणी झाली म्हणून सरकारपुढे आकड्यांत मांडता येतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पळूही नका आणि डोळे झाकून सहीही करू नका. विचारा.

माझे एक मामू आयुष्यभर राईस मिलच्या भुशात राबले. एका रुग्णालयाने त्यांच्या हातात नव्या पंपाच्या चाचणीचा इंग्रजी कागद ठेवला. आम्ही मराठी प्रत मागितली. ती दोन दिवसांनी मिळाली. वाचून झाल्यावर मामूंनी विचारलं, "मला खोटा पंप आला तर माझा आताचा पंप बंद करणार का?" एवढ्या पानांतून त्यांनी नेमका मुद्दा पकडला. उत्तर मिळालं, आताचा चालूच राहील. शेवटी मामूंनी नाही म्हटलं. जाण्यायेण्याचा खर्च मिळणार होता, पण दर फेरीला मजुरी बुडणार होती. त्यांचा नकार भीतीचा नव्हता, हिशेबाचा होता. होकारही असाच हिशेबाचा असावा.

तुम्हीही हे पाच प्रश्न लिहून घ्या.

एक, चाचणीचा सीटीआरआय क्रमांक काय? २००९ पासून भारतातल्या औषध-चाचण्यांची या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद सक्तीची आहे. ती कुणालाही मोबाईलवर बघता येते.

दोन, दुसऱ्या गटाला काय मिळणार आणि माझं आताचं औषध चालू राहणार का?

तीन, चाचणीमुळे मला काही झालं तर उपचार आणि भरपाई कोण देणार? २०१९ च्या नियमांनुसार हा तुमचा हक्क आहे.

चार, मधेच बाहेर पडलो तर नेहमीचा उपचार अडेल का? अडता कामा नये.

पाच, निकाल आम्हाला कोण सांगणार, आणि औषध चांगलं निघालं तर ते आमच्या गावात मिळेल का? या पाचव्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी अडखळत उत्तर मिळतं. म्हणूनच तो विचारायचा.

आणखी एक. प्रत्येक चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते. त्या समितीत वैद्यकीय शिक्षण नसलेला एक सामान्य नागरिक असावाच लागतो. तिथे आपल्यातलं कुणी का नसावं? तुमच्यातल्या वकील, शिक्षक, पदवीधर बहिणींनी नागपूर-चंद्रपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जाऊन याची चौकशी करावी.

याच कुरखेड्यात १९८४ पासून एक संस्था काम करते. तिचं नावच आहे 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी'. त्या नावातला 'आम्ही' हा शब्द आपल्यालाही लागू आहे.

आता चहा आहे. मी एका संमतीपत्राचा मराठी नमुना आणलाय. ज्यांच्या घरी खोकणारं कुणी आहे त्यांनी माझ्याजवळ बसा. एकेक ओळ वाचू आणि न कळणाऱ्या शब्दांखाली रेघ मारू.